छपरावरचे चणे

नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी ते चणे काही डोक्यातून जात नाहीत. आजवर कुणाला बोललो नाही, कारण त्या प्रकरणात माझाही वाटा होता.

इंग्रजी अमलात मी काशीत दरोगा होतो. दुर्गाघाटावरच्या एक विधवा काकू सकाळीच चौकीत आल्या आणि मूठभर भिजवलेले चणे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले.

“माझ्या छपरावर सापडले. छपराचा ठेकेदार म्हणतो, माकडांनी कौलं फोडली, आता वाशांसकट सगळं उतरवा. सुनेचे दिवस भरलेत, दरोगाजी. बाळंतपण काय उघड्यावर करू?”

“मग माकडांवर फिर्याद लिहू?” मी म्हणालो. शिपाई खो-खो हसले.

काकू हसल्या नाहीत. “माकडं जन्मभर पाहतेय. पण ह्या ठेकेदाराला काम नको म्हटलं, की त्याच घरावर ती कशी नाचतात? अन् हा माणूस तुम्हीच सांगितलेला.”

खरे होते. आदल्या साली त्याने माझे छप्पर शाकारले होते, आणि अर्ध्या गल्लीला मीच त्याचे नाव सुचवले होते.

पुढची युक्ती काकूंचीच. त्यांनी ठेकेदाराला सर्वांदेखत पुन्हा नकार दिला. मी साध्या वेशात शेजारच्या गच्चीवर दबा धरून बसलो. उजाडताच एक गडी पलीकडून काकूंच्या छपरावर चणे फेकू लागला, माकडे धावली, कौले फुटली. गड्याला धरताच त्याने मालकाचे नाव सांगितले.

ठेकेदार मात्र चौकीत शांत होता. “हुजूर, बंदरों को चना खिलाना तो पुण्य है.”

काशीत ह्याला गुन्हा कोण म्हणणार? माझी लेखणी थांबली.

बाकावरून काकू म्हणाल्या, “मग उरलेलं पुण्य ह्याच्याच घरावर करा की!”

पंचांना घेऊन आम्ही त्याच्या दारात गेलो. शिपायाने छपरावर फेकायला चण्यांची मूठ उगारली. कठड्यावर माकडे जमलेली पाहून ठेकेदाराने त्याचा हात धरला. “नहीं हुजूर, नया छप्पर है!” मग सगळे भडाभडा ओकला. काकूंचे छप्पर त्याच्याच खर्चाने नीट झाले.

छप्पर मोडले असे सांगणारा आणि दुरुस्त करणारा एकच असेल, तर आधी स्वतः शिडी लावून वर चढावे. हे मी पुढे कित्येकांना ऐकवले. कुणाकडून शिकलो, ते सांगितले नाही. वरिष्ठांची शाबासकीही मुकाट्याने घेतली. तपास त्या बाईचा होता.

बारशाला काकूंनी घुगऱ्यांचा द्रोण हातात दिला. “खा, दरोगाजी, चणेच आहेत. एक विचारू? तुमचं छप्पर शाकारण्याआधी माकडं आली होती?”

“आली होती,” मी म्हणालो.