कल्याणात कुठे जेवावं

मुरबाड-कल्याण गाडीचा तो कंडक्टर तिकीट फाडताना हॉटेलही सांगायचा. काय खायचंय हे विचारायचा नाही, "संगती कोण हाय?" एवढंच. दवाखान्यात निघालेल्यांना उडप्याची इडली, नव्या जोडप्याला पडदे लावलेली फॅमिली रूम, कोर्टात जाणाऱ्याला इराण्याचा खिमा-पाव. "उपाशीपोटी साक्ष देऊ नाय," म्हणायचा.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. पदवी घ्यायला बाबांना सोबत नेलं. कंडक्टरला म्हटलं, "भारीतलं सांगा, एसीवालं."

त्याने बाबांकडे पाहिलं. "पुलापल्याड खानावळ हाय. भात मागाल तेवढा वाढतात."

"आमी तेवढ्याच लायकीचे काय?" मी चिडलो. तो वाद घालत बसला नाही. एसीवाल्याचा रस्ता नीट समजावून दिला.

तिथे वेटर शेजारी उभा राहिला आणि बाबांचा हातच चालेना. एक रोटी कशीबशी खाऊन म्हणाले, "भरलं रे पोट."

परतीला तीच गाडी होती. कंडक्टरने मला नाही, बाबांना विचारलं, "जेवलात ना, दादा?"

"झ्याक," बाबा म्हणाले.

मग पिशवीतून डबा काढून त्याने बाबांच्या मांडीवर ठेवला. "बायकोनं भात जास्तीच दिलाय. परत नेला तर मला बोलणी बसतील. तुमी एवढा संपवा."

बाबांनी निवांत जेवून डबा चाटूनपुसून साफ केला. मग दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ते त्याला सांगत होते, "पोरगा बी.ए. झाला माझा!"