आधी पोट

कुंभकोणमच्या आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर सगळ्यांशी तमिळ बोलत. माझ्यासारखा मराठी घरातला कोणी दिसला की मात्र त्यांची जुन्या वळणाची मराठी सुरू होई. "राव, डोकें मग पाहूं. पोट काय म्हणतें?"

माझी अर्धशिशी वर्षानुवर्षांची, त्यामुळे बाकड्यावरच्या सगळ्या रोग्यांसमोर हा प्रश्न मला नेहमीच ऐकावा लागे. कोणाची झोप उडालेली असो, कोणाचं मन उदास असो, हे आधी पोटाची चौकशी करणार. डॉक्टर हसत. कंपाउंडरांचं मत मात्र ठाम होतं: हातांना कंप सुटलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याचं पोट त्याआधी कित्येक वर्षं साफ होत नसतं. इन्नंबूर-तिरुवलंचुळीसारख्या आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या अशा रोग्यांची नावं त्यांनी एका वहीत उतरवून ठेवली होती.

बोलता बोलता ते औषधाच्या बाटलीवर चिकटवायची डोसाची कागदी पट्टी कापत. एका डोसाला एक खाच, आणि खाचा इतक्या सारख्या, की मोजून घ्याव्यात.

एका सकाळी माझ्या बाटलीवरच्या खाचा वेड्यावाकड्या निघाल्या. मी थट्टेनं म्हटलं, "मामा, आज तुमचें पोट काय म्हणतें?"

त्यांनी कात्री खाली ठेवली. उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला.

"दहा वर्षें झालीं, राव. साफ म्हणून होत नाहीं," पैज जिंकल्यासारखे ते म्हणाले, आणि वही माझ्यापुढे सरकवली. "आतां पुढचें नांव माझें लिहा. हात ऐकत नाहीं."