पांढऱ्या गाडीवरची खूण

गाडी घेतल्यापासून मी गाडीच्या रंगाचा मोठा जाणकार झालो आहे. पदवी कोणी दिलेली नाही. मी विषय काढला की घरातली माणसं एकेक करून उठून जातात, त्यावरून मी ते ओळखलं.

कोरड्या फडक्यानं धूळ पुसायची नाही, हा माझा पहिला सिद्धांत. धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या गाडीला पॉलिशपेपर मारणं. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, मग मऊ मायक्रोफायबरचं कापड, तेही वरून खाली. नळाला पाणी आलं की बायको हंडे भरायला धावते आणि मी गाडी धुवायला. दोघांत कोणाचं काम जास्त निकडीचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

भवानीनगरकडे जाताना समोरून उसाची ट्रॉली आली, की मी गाडी रस्त्याखाली उतरवून थांबतो. बाहेर लोंबणारी वाढी, म्हणजे उसाचे शेंडे, गाडीला घासून गेली तर? बायको म्हणते, "उतरून मध्ये आडवेच उभे राहा की. तुम्हाला खरचटलं तर हळद लावता येईल."

ओरखडे पडू नयेत म्हणून मी भारीतलं कव्हरही आणलं. ते धुळीच्या गाडीवर घातलं, रात्रभर वाऱ्यानं फडफडत राहिलं, आणि सकाळी बॉनेटवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा. गाडीचं रक्षण मी इतकं मनावर घेतलं होतं, की बाहेरच्या शत्रूला काही कामच उरलं नव्हतं.

या सगळ्याकडे आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावरून शांतपणे बघत असतात. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली. पुढे कळप गेला, शेती आली, आता शेतीही आम्हीच बघतो. त्यांना उरलंय ते एकच सुख, लग्नं. तिथं जुने सोबती भेटतात. जेवण झालं की आबा कोणाला न सांगता आपले आपण गाडीपाशी येऊन थांबतात. मला बोलवा, हात धरा, असलं त्यांना चालत नाही.

पण मागं एका लग्नात ते भलत्याच पांढऱ्या गाडीत जाऊन बसले. त्या गाडीचं बिऱ्हाड आलं. म्हातारं माणूस, उठवायचं कसं, म्हणून त्यांनी आबांना पाणी दिलं, चौकशी केली, आणि अर्ध्या मांडवाला गोळा केलं. मांडव हसला. आबाही हसले, पण घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी मला तो ओरखडा दिसला. मागच्या उजव्या चाकाच्या वर, दोन आखूड तिरक्या रेघा, खाली एकमेकींना टेकलेल्या. मी शेजारच्या मांजरावर संशय घेतला, मग दूधवाल्याच्या किटल्यांवर. मग शास्त्राकडे वळलो. पाणी लावून बघितलं, रेघा दिसेनाशा झाल्या. नख फिरवलं, अडकलं नाही. म्हणजे दुखणं फक्त वरच्या पारदर्शक थरापुरतं होतं. रविवारी जागा धुतली, वाळवली, भोवती चिकटपट्टी लावली, ओरखडे घालवायचं थोडंसं कंपाउंड घेतलं आणि हलक्या हातानं घासत, पुसत, बघत बसलो. शेवटी वॅक्सचा हात दिला आणि घरच्यांना बाहेर बोलावलं.

"इथं काय दिसतंय?"

"काहीच नाही," बायको म्हणाली.

"तेच तर!"

ती कणीक तिंबता तिंबता आली होती, तशीच आत गेली. आबा मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले.

"हितलं काढलंस व्हय?"

"काढलं. पत्ता लागतोय का बघा."

"न्हाय लागत," आबा म्हणाले.

मी ते कौतुक समजलो.

पुढं इंदापूरचं लग्न आलं. कोणाचं दार लागू नये म्हणून मी गाडी सगळ्यांपासून लांब लावली होती. जेवणं झाली, आम्ही गाडीपाशी आलो, आबा नाहीत. शोधत गेलो तर कार्यालयाच्या फाटकाशी भर उन्हात उभे.

"आबा, इथं का उभे?"

"चप्पल सापडंना."

चप्पल पायातच होती. मी तसं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं.

निमगाव केतकी मागं पडल्यावर आबा बोलले. "मोरगावच्या लग्नाला तुमीच जावा. मी न्हाय येत."

"का हो आबा?" बायकोनं विचारलं.

"खूण केली हुती मी. ह्यानं पुसली."

"कसली खूण?" मी म्हणालो.

"मागल्या चाकाच्या वर. आपल्या मेंढरांच्या कानाला असायची, तीच."

मी आरशात न बघता गाडी कडेला घेतली. "गाडीला? कशानं?"

"घराच्या किल्लीनं. दाबलं न्हाय काय. वरवर वढली."

"अहो, नंबर लिहून दिला होता की खिशात!"

"चिठ्ठी वाचाय चष्मा लागतो. चष्मा गाडीत असतो. गाडी सापडल्यावर चिठ्ठी काय करायची?"

बायको खिडकीकडे तोंड करून हसत होती. मी हट्टानं म्हणालो, "दुसऱ्याच्या कळपातून आपलं मेंढरू नुसत्या तोंडावरून ओळखायचा ना तुम्ही?"

"मेंढराला तोंड असतंय. ह्यांला काय हाय? समद्या एका आईच्या." मग जरा थांबून म्हणाले, "परत त्या दिवसासारखं लोकांनी हसाय नको. त्यापरीस घरी बरा."

मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

घरी आल्यावर मी उपाय सुचवायला लागलो. मागच्या काचेवर स्टिकर लावू? "समद्यांनीच लावल्यात." आरशाला लाल रिबीन? "लग्नात रिबिनीच असत्यात." फोन करा, मी येतो? यावर ते उठून ओट्यावर जाऊन बसले.

मोरगावच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी गाडी धुतली. चाकावरची जागा मऊ कापडानं कोरडी केली आणि घराची किल्ली आबांच्या हातात दिली. द्यायला दिली, पण जाणकार गप्प बसतो का? "हलक्या हातानं हं. पत्रा उघडा पडला तर गंजेल. नखाला लागणार नाही इतकीच."

"दोन शेळ्या अन् शंभर मेंढरांचं कान कापल्यात मी," आबा म्हणाले. "तू तिकडं बघ."

मी तिकडं बघितलं. किल्लीचा बारीकसा आवाज आला. माझ्या अंगावर काटा आला, हे कोणाला सांगायचं कारण नाही.

मोरगावला जेवण उरकून आलो तर आबा गाडीपाशी, भोवती त्यांचे सोबती. आबा उन्हात खूण दाखवत होते. "तिरकं बघा. आता दिसली?" पागोटेवाले म्हातारे एकामागून एक वाकून बघत होते आणि पसंतीच्या माना हलवत होते. माझ्या पॉलिशकडे इतक्या आदरानं आजवर कोणी बघितलं नव्हतं.

त्यानंतरच्या लग्नात गाडी लावताना, माझ्याच वयाचा एक गृहस्थ आपल्या पांढऱ्या गाडीच्या मागं उकिडवा बसलेला दिसला. हातात मायक्रोफायबरचं कापड. माणूस आपल्यातला आहे, हे लगेच कळलं.

"बघा की दादा," तो कळवळून म्हणाला. "कुणीतरी मुद्दाम फुली मारलीय. जाईल का हो?"

मी पाणी लावलं, नख फिरवलं. "वरवरचा ओरखडा आहे. कंपाउंडनं सहज जाईल."

"मग काढून टाकतो आजच."

मी वर बघितलं. समोरच्या सावलीत आबा बसले होते. त्यांच्या शेजारी मोरगावला वाकून खूण बघणाऱ्यांपैकी एक जण होता, आणि त्याचं नाक-डोळे थेट या गृहस्थासारखे होते. दोघंही आमच्याकडं टक लावून बघत होते.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "हल्ली सगळ्यांच्याच गाड्यांना असतो."