अर्धी घोषणा

आमच्या मोठेबाबांना, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाला, जन्मभर एकच काम झकास जमलं. घोषणेचा पहिला अर्धा भाग देण्याचं. "केशवभाऊ, तुम आगे बढो!" असं ते नागपुरात तांडापेठेच्या कोपऱ्यावरून ओरडले की "हम तुम्हारे साथ हैं" म्हणायला शंभर गळे तयार असायचे. लोकांना त्या शंभरांचं कौतुक. अहो, दुसरा अर्धा कोणीही देतं. भर रस्त्यात, सगळे गप्प असताना, एकट्याने तोंड उघडायला छाती लागते.

मोठेबाबांचं नाव जागेश्वर नंदनवार. घरात हातमाग होता तोवर त्यांनी लुगडी विणली, माग मोडीत गेल्यावर इतवारीतल्या एका दुकानात कापडाच्या घड्या घातल्या. पण काय करता असं कोणी विचारलं, की सांगायचे, "मी केशवभाऊचा माणूस आहो." केशवराव हरकरे शहराच्या महाल भागातले, पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले, मोजकं बोलणारे. ते नगरसेवक झाले, आमदार झाले, थोडे दिवस मंत्रीही झाले. त्यांची एक सवय होती. जीप थांबली तरी ते उतरायचे नाहीत. मोठेबाबांचा आवाज आला की पाय खाली आणि उजवा हात वर. गर्दीला वाटे हात आपल्यासाठी आहे. मोठेबाबांना ठाऊक होतं, तो त्यांच्यासाठी आहे. पोरबाळ नव्हतं, माग गेला होता, तेवढ्या एका हातावर माणूस खूश होता.

मग केशवभाऊ एक निवडणूक हरले, पक्षात नवी मंडळी आली आणि एक दिवस बातमी आली की भाऊ राज्यपाल झाले, पार ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्याचे. वस्तीत पेढे वाटले गेले. मी म्हटलं, "मोठेबाबा, भाऊ नडत होते म्हणून त्यांना मखरात बसवलं." तर माझ्यावरच डाफरले. "तुले काय समजते वं अंजू? लाटसाहेब झाले भाऊ!"

विमानतळावर निघताना भाऊंनी त्यांना बाजूला घेतलं. "जागेश्वर, आता माझ्या नावाने घोषणा नको बरं का. राज्यपाल कोणत्याच पक्षाचा नसतो."

"मंग आता तुमी कोनाचे, भाऊ?"

भाऊ नुसते हसले आणि आत गेले.

पुढल्याच वर्षी मोठीआई, म्हणजे त्यांची बायको तुळजाबाई, तापाचं निमित्त होऊन गेली. तिसऱ्या दिवशी दूरच्या राजभवनातून फोन आला. "महामहिम शोक संवेदना प्रकट करते हैं." मोठेबाबा फोन कानाला घट्ट लावून म्हणाले, "भाऊ आहेत का गा तिथं? भाऊले द्या ना." पलीकडच्याने फोन केव्हाच ठेवला होता.

त्यानंतर घरात ते एकटे. एवढा खणखणीत आवाज, आणि दिवसभरात वापर काय, तर दूधवाल्याला "अर्धा लिटर" सांगण्यापुरता. मी कामठीला राहायची, तिथून दर रविवारी जायची. दार उघडून म्हणायचे, "काहून आली?" आणि मी चपला घालायला लागले की, "काहून चालली?" मला परतीच्या ऑटोत रडू यायचं.

एकदा भाऊ नागपुरात एका संस्थेच्या कार्यक्रमाला येणार होते. मोठेबाबा मला घेऊन गेले. आम्ही शेवटच्या रांगेत. दार उघडलं, सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि भाऊ आत आले ते चिडीचूप शांततेत. फक्त बूट वाजत होते. भाऊ येऊन राहिले आणि कोणी हू का चू करत नाही, हे मोठेबाबांना सोसलंच नाही.

"केशवभाऊ, तुम आगे बढो!"

पुढचा अर्धा भाग कोणी दिला नाही. भाऊंचा उजवा हात सवयीने छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबून बंद गळ्याच्या कोटाचं बटण चाचपू लागला. त्यांनी मागे पाहिलं नाही. दोन पोलिसांनी मोठेबाबांचे दंड धरून त्यांना बाहेर काढलं. माणसं हसली. त्यातले कित्येक एकेकाळी भाऊंच्या दारात कामं घेऊन उभे असत, मी पाहिलेलं आहे. असा संताप आला होता मला!

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊनं मले ओळखलं नाही का वं?"

"ओळखलं की."

"मंग हात काहून नाही उचलला?"

त्या दिवसापासून त्यांची घोषणा बंद झाली. दुसऱ्या उमेदवारांची पोरं बोलवायला आली, तर त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

भाऊंची मुदत संपली, ते नागपूरला परत आले. पक्षातलं कोणी विमानतळावर फिरकलं नाही, नाहीतर नव्या मंडळींची मर्जी जायची. मोठेबाबाही गेले नाहीत. "बलावलं नाही त मी काहून जाऊ?" म्हणाले, पण दिवसभर दारातच बसून होते. महापालिकेची निवडणूक आली. यंदा घोषणा ई-रिक्षातल्या भोंग्यातून आपोआप वाजत होत्या. पहिला अर्धाही रेकॉर्ड केलेला, दुसराही.

अशात भाऊंची सून मुग्धा मला महालात भाजी घेताना भेटली. बिचारी काळजीत होती. "बाबा रोज सकाळी जाकीट घालून तयार होतात, फाटकापर्यंत जातात, कडीवर हात ठेवून थांबतात, आणि परत येऊन खुर्चीत बसतात. आल्यापासून घराबाहेर पाऊल नाही. कोणाची वाट पाहतात, कळत नाही."

मी हे मोठेबाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "भाऊ उतरूनच नाही राहिले वं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही महालातल्या त्या गल्लीत पोचलो. फाटकाआड केशवभाऊ उभे होते, किती वाळले होते! जाकीट खांद्यावरून घसरत होतं. मोठेबाबा पलीकडल्या भिंतीशी उभे राहिले. दोघांनी एकमेकांना पाहिलं. मला धाकधूक, हा आवाज आता निघतो की नाही.

"केशवभाऊ... तुम आगे बढो!"

आवाज फाटलेला आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मोठेबाबांची नजर भाऊंच्या उजव्या हातावर. तो काही उठला नाही. भाऊंनी दोन्ही हातांनी फाटक धरलं होतं.

मग जन्मभर ज्यांनी ती घोषणा फक्त ऐकली, त्या भाऊंनी तोंड उघडलं. बारीक, अडखळत्या आवाजात ते म्हणाले, "हम... तुम्हारे साथ हैं."

मी वळून पाहिलं. मोठेबाबांचा उजवा हात वर गेला होता. भाऊंनी कडी काढली आणि पाय बाहेर टाकला.