ठासणीच्या बंदुकीची आंघोळ

सत्तरच्या दशकात मी मंगळवेढ्याला सून म्हणून आले. ज्वारीतली रानडुकरं हुसकायला सासऱ्यांकडे ठासणीची बंदूक होती. बार काढला की ते नळीत नुसतं तेल सोडायचे. लोखंडाला पाणी दाखवायचं नाही, हा त्यांचा हट्ट. दारूची काजळी तेलानं कुठली निघते! खंडेनवमीला त्यांनी बंदूक पूजेला मागितली. मी म्हणाले, “मामंजी, आधी आंघोळ, मग पूजा,” आणि त्यांच्यादेखत किटलीभर उकळतं पाणी नळीत ओतलं.

“येडी हायस का?” ते ओरडले.

बार पेटवायच्या मागच्या बारीक भोकातून शाईसारखं काळं पाणी आलं. दारू ठासायच्या गजाला चिंध्या गुंडाळून, चिंधी पांढरी निघेपर्यंत मी नळी घासत राहिले. मग वाळवून तेल दिलं.

पूजा मांडताना मामंजींनी बंदुकीशेजारी ती किटलीही ठेवली, आणि कुंकू आधी तिला लावलं.