अक्कानं सोडलेला राग

संतोषचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. "मामा, मी संतोष, करमाडवरून…" एवढं ऐकलं आणि मी फोन कापला. तो पुन्हा आला, पुन्हा कापला. चारदा. दुपारी अक्काच्या शेजारच्या कांताबाईंनी कळवलं, अक्का गेली. छातीत दुखायला लागल्यावर संतोषनंच तिला दवाखान्यात नेलं होतं. अकरापर्यंत ती शुद्धीवर होती…

अक्का माझी थोरली बहीण. नवरा लवकर गेला. एकुलत्या राहुलला तिनं अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबून वाढवलं. तीन वर्षांपूर्वी जालना रोडवर संतोषच्या जीपनं राहुलला उडवलं. तो जागीच गेला. केस उभी राहिली. मी प्रत्येक तारखेला जायचो, संतोषकडं डोळे रोखून बसायचो. अक्का मात्र बुद्धविहारात जाऊन गप्प बसायची. वर्षभरानं एक दिवस ती स्वतःच त्याच्या घरी गेली. पोरगा जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, असं तिच्या कानावर आलं होतं. "बाळा, माझा तुझ्यावर राग नाय," एवढंच म्हणाली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

मला कळलं तसा मी तडक करमाडला अक्काकडं गेलो. दारातूनच ओरडलो, "पोटच्या पोराचं तुला काही वाटत नाही का?"

ती म्हणाली, "लई वाटतं रे. पण रागात असले की मला राहुल दिसतच नाय, नुसती ती जीप दिसती. बुद्धानं राग सोडायला सांगितलं ते काय दुसऱ्यासाठी? मला माझं लेकरू बघायचं होतं."

मी पाणीसुद्धा न पिता निघालो. नंतरची दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही.

अक्काच्या जलदान विधीला संतोष आला, सगळ्यात मागं उभा राहिला. सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं. माणसं पांगल्यावर तो जवळ आला. "मामा, मावशी सारखं विचारत होत्या, भाऊ निघाला का? मी म्हणलं, निघालेत, पोचतीलच… खोटं बोललो." त्याचे पाय धरावेत असं वाटलं. धरले नाहीत.

आता रविवारी मी तिच्या खोलीत जातो. घराबाहेर पडण्याआधी अक्का खाटेच्या कडेला टेकायची, डोळे मिटून चार-दोन श्वास घ्यायची, मगच चप्पल घालायची. मीही टेकतो. डोळे मिटले की मुठी आपोआप वळतात. संतोषवरचा राग कधीच गेला. ज्याच्यावर उरलाय, त्याला माफ करू शकणारं माणूस आता या खोलीत नाही…