दिलेली लेक

निजामाच्या राज्यातली ती शेवटची खानेसुमारी. मी कंधारजवळच्या एका गावात मास्तर होतो आणि घरोघर जाऊन माणसं आणि त्यांची वयं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

एका अंगणात ती गोवऱ्या थापत होती. सात-आठ वर्षांची असेल. गळ्यात काळी पोत. शेणाचा हात लागू नये म्हणून ती मनगटानं कपाळावरचे केस मागं सारी. तिच्या आईनं बाकीच्या तिन्ही पोरांची वयं सांगितली आणि ती थांबली.

"आणि ही?"

"ती दिलेली लेक हाय मास्तर. तिला सासरी लिवा."

सासर पलीकडच्याच वाडीत होतं. दुसऱ्या दिवशी तिथं गेलो, तर सासू हसली. "अजून नांदायला आली न्हाई. खायचं माहेरचं अन् लिवायची आमच्यात व्हय?"

माणूस राहतं तिथंच ते लिहायचं, हा नियम मला पाठ होता. पण पुन्हा जाऊन तिच्या आईशी वाद घालायचा मला कंटाळा आला. मी पोरीला कुठंच लिहिलं नाही. तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

परतताना ती आमच्या गावच्या वेशीत माझी वाट बघत उभी होती.

"मास्तर, सासरी लिवलं का मला?"

"हाव, लिवलं," मी सुटका करून घेतली.

तिनं मनगटानं केस मागं सारले. मग हळूच म्हणाली, "मंग आता बी आई हितं जेवाया घालंल का?"

"घालंल की," म्हणून मी घरी आलो. माझ्या आईनं ताट वाढून ठेवलं होतं. मी पोटभर जेवलो.